पहिला गेम कशात करायचा?

भाची नववीत गेली त्या वर्षी गणपतीला मी कर्जतला ताईकडे होतो. शाळेनं प्रोजेक्टचा विषय मोकळा ठेवला होता. आपल्या परिसरातली एखादी गोष्ट घ्यायची आणि ती समजावून सांगायची, माध्यम कोणतंही चालेल. वर्गातली बाकीची मुलं तक्ते आणि थर्माकोलचे देखावे करणार होती. हिला गेम करायचा होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि तिनं मला कोपऱ्यात गाठलं. "मामा, गेम करायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?"

मी नाव सांगितलं नाही. तिला विचारलं, "तुझ्या गेममध्ये खेळणारा करतो काय?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गाडी घाट चढवतो."

या पुस्तिकेचं बीज त्या दोन वाक्यांत आहे. तेरा ते सोळा वयाची मुलं, त्यांचे आईवडील आणि त्यांच्या शाळेतले सर-बाई यांच्यासाठी ती लिहिली आहे. डोळ्यांपुढे कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके ठेवले आहेत, कारण कुठलंही साधन निवडताना घर, शाळा, यंत्र, नेट आणि पाऊस या सगळ्यांचा विचार करावा लागतो, आणि मला ते इथलेच माहीत आहेत. 'सगळ्यात चांगलं' असं साधन नसतं. या मुलाला, या यंत्रावर, या मुदतीत जे शेवटाला नेता येईल तेच त्याच्यासाठी चांगलं. प्रोजेक्टचा गेम पूर्ण झाला पाहिजे, यावर मी अडून बसतो. पूर्ण झालेला छोटा गेम मुलाला जे शिकवतो ते अर्धवट राहिलेला भव्य गेम शिकवत नाही. शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात खेळ द्यावा लागतो, आणि खरे प्रश्न तिथेच उभे राहतात.

तर, घाट. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते आणि तिच्या मागे इंजिनं जोडतात. रेल्वेतली माणसं त्यांना बँकर म्हणतात. त्या काही मिनिटांत फलाटावर वडापाव विकला जातो, त्यामुळे हा थांबा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यामागचं गणित मात्र फार थोड्यांना माहीत असतं. बोरघाटातून रेल्वे 1863 साली सुरू झाली. तिथला सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कानाला हे किरकोळ वाटतं. पण हजार टनांची गाडी या चढावर उभी केली तर तिला मागे ओढणारा जोर साधारण सत्तावीस टन वजनाइतका असतो. पुढचं इंजिन एकटं तो पेलू शकत नाही, म्हणून मागून रेटा द्यावा लागतो.

गेमला लागणारं सगळं इथे तयार आहे: खेळणाऱ्याचं एक काम, एक अडचण आणि ती सोडवण्याचा एक निर्णय. इंजिनं किती जोडायची? कमी जोडली तर गाडी मागे घरंगळते, जास्त जोडली तर वेळ आणि वीज वाया जाते. विषय एवढा ठरला की साधनाची निवड निम्मी होऊन जाते. हा गेम एका बाजूनं पाहायचा आहे, त्यात एकच वस्तू हलते आणि तीन-चार आकडे बदलतात. त्याला त्रिमितीची गरज नाही, मोठं गेम इंजिन लागत नाही आणि वेगवान यंत्रही लागत नाही. म्हणून आम्ही स्क्रॅच घेतलं.

स्क्रॅचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या वयाच्या बहुतेक मुलांसाठी माझं पहिलं उत्तर तेच असतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते तयार केलं आणि 2007 साली सर्वांसाठी मोफत खुलं केलं. त्याचं मूळ आणखी मागे आहे. 1967 साली सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा केली. पुढे तिच्यात पडद्यावर रेघा ओढत चालणारं कासव आलं. आपल्याकडे शाळेत संगणक आला तेव्हा पुष्कळांनी पहिला चौकोन त्या कासवाकडूनच काढून घेतला असेल. मुलांच्या साधनाचा उंबरा ठेंगणा हवा आणि छत उंच हवं, म्हणजे आत शिरताना ठेच लागू नये आणि मोठं झाल्यावर डोकं आपटू नये, हा पॅपर्ट यांचा आग्रह. रेझनिक यांनी त्यात भर घातली की भिंतीही लांब-लांब हव्यात, म्हणजे एकाला गाडी करता येईल, दुसऱ्याला गाणं आणि तिसऱ्याला गोष्ट. स्क्रॅचमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. चुकीच्या जागी ठोकळा बसतच नाही, त्यामुळे एका विसरलेल्या अर्धविरामासाठी मूल तासभर रडत नाही. ठोकळ्यांवरची भाषा इंग्रजी ठेवली तरी चलांना मराठी नावं देता येतात. भाचीनं 'वजन', 'जोर', 'उंची' आणि 'मागची इंजिनं' असे चार चल केले, आणि तिचा प्रोग्राम तिच्या आईलाही वाचता येऊ लागला.

पहिल्याच संध्याकाळी एक अडचण आली. तिनं घाट काढला होता तो मुलं डोंगर काढतात तसा, चांगला तिरका. मी म्हटलं, खरा चढ काढून बघ. स्क्रॅचचा पडदा 480 एकक रुंद आणि 360 एकक उंच असतो. 480 ला 37 नं भागलं तर तेरा. म्हणजे डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत गाडी फक्त तेरा एकक वर जाणार. कोनाच्या हिशेबात दीड अंशाहून किंचित जास्त. रेघ ओढून झाली तशी ती हिरमुसली. "मामा, हा घाट आहे की सपाटी?"

तिचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. दीड अंशाचा चढ डोळ्याला दिसत नाही, पण हजार टनांच्या गाडीला तो सोसत नाही. पुस्तकात 'सदतीसास एक' वाचताना हे लक्षात येत नाही. रेघ स्वतः ओढावी लागली की कळतं. मग खरं दाखवायचं की दिसेल असं दाखवायचं, हे तिला ठरवावं लागलं. एक एकक म्हणजे एक मीटर धरला तर घाटाची साडेपाचशे मीटर उंची चढायला, सलग तोच चढ मानूनही, असे बेचाळीस पडदे लागतात. तिनं चढ खराच ठेवला. मागचं चित्र सरकवत नेलं आणि कोपऱ्यात उंचीचा आकडा वाढत जाईल असं केलं. पळसदरी, जामब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा ही नावं एकामागून एक येतात आणि आकडा चढत राहतो. दुसऱ्या मुलानं कदाचित चढ दसपट करून शेजारी 'चित्र प्रमाणात नाही' असं लिहिलं असतं. तेही योग्यच. साधन असं असावं की हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी मुलापुढे यावा. महिनाभर साधन शिकण्यातच गेला तर तिथवर कुणी पोचत नाही.

याच गेममध्ये पुढे वंदे भारत आली. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली आणि ती मागच्या इंजिनाशिवाय घाट चढते. का? तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात, म्हणजे ओढणारा जोर गाडीभर वाटलेला असतो. भाचीनं गाडी निवडायचा एक ठोकळा वाढवला आणि तिला दुसरी पातळी मिळाली.

पण प्रत्येक घरात संगणक नसतो. आपल्या वाड्या-पाड्यांत आणि खोपोलीच्या चाळींतही घरात असतो तो एक अँड्रॉइड फोन, आणि तोही संध्याकाळी वडील कामावरून आल्यावर मिळतो. स्क्रॅच टॅबवर चालतं, पण फोनच्या इवल्या पडद्यावर ठोकळे रचणं जिकिरीचं होतं. अशा मुलांसाठी पॉकेट कोड आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठात सुरू झालेल्या कॅट्रोबॅट प्रकल्पाचं हे मोफत अ‍ॅप ठोकळ्यांच्याच पद्धतीचं आहे, आणि ते मुळातच फोनसाठी केलेलं आहे. फोन तिरपा केला की पात्र सरकतं, हलवला की उडी मारतं, हे त्यात सोपं आहे. फोनवर काम करणाऱ्या मुलाला कमी समजू नका. त्याचा गेम फोनवरच खेळला जाणार असेल तर तो योग्य जागीच तयार होतो आहे.

शाळेची लॅब वापरायची असेल तर आधी एकदा जाऊन यंत्रं बघून या. नव्या ऑफलाइन स्क्रॅचला विंडोज 10 किंवा त्यापुढचं लागतं. फार जुन्या यंत्रांवर जुनी 1.4 आवृत्ती चालते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि नेट कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून ऑफलाइन चालेल तेच साधन घ्या. रोज काम संपल्यावर फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तिच्या नावात तारीख घाला. ही सवय लागली तर प्रोजेक्टचा निम्मा मनस्ताप वाचतो.

सगळ्यांनाच हलणारं चित्र हवं असतं असं नाही. काही मुलांच्या डोक्यात गोष्ट असते. त्यांना मी ट्वाइन देतो. क्रिस क्लायमस यांनी 2009 साली केलेलं हे मोफत साधन. त्यात पानं लिहायची आणि एका पानातून दुसऱ्या पानाकडे वाटा काढायच्या. खालापूर तालुक्यातल्या मुलासाठी विषय दाराशीच आहे: उंबरखिंड. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेला या खिंडीत गाठलं. दाट झाडी, अरुंद वाट, पाण्याची टंचाई आणि दोन्ही बाजूंनी दडलेले मावळे. खानाबरोबर रायबाघन ही सरदारीण होती. शेवटी खानानं शरण येऊन खंडणी कबूल केली. आता खेळणाऱ्याला खानाच्या जागी बसवा. बोरघाटानं जायचं की उंबरखिंडीनं? पुढे रेटायचं की मागे फिरायचं? रायबाघनचं ऐकायचं की नाही? प्रत्येक वाटेच्या शेवटी भूगोल उभा राहतो. युद्धाचा निकाल वाटेच्या निवडीतच बराचसा ठरला होता, हे मुलाला तक्त्यापेक्षा यातून जास्त कळेल. एक पथ्य मात्र पाळावं. इतिहासात घडलं ते एका रंगात आणि 'असं झालं असतं तर' ते दुसऱ्या रंगात लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही. ट्वाइनचा तयार गेम ही एकच फाइल असते. ती व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली की ब्राउझरमध्ये उघडते.

आता मराठी अक्षरांबद्दल. साधनांची तुलना करणाऱ्या इंग्रजी लेखांमध्ये हा मुद्दा सहसा नसतो, आणि आपल्या मुलांचा सगळ्यात जास्त वेळ याच्यातच जातो. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारी ठेवून चालत नाहीत, ती जुळवावी लागतात. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरात अर्ध अक्षर आपला आकार बदलतं. ही जुळणी करणारी व्यवस्था साधनात नसेल तर 'किल्ला' या शब्दाची वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि पाय मोडलेला 'ल' आणि पुढचा 'ला' वेगवेगळे उभे राहतात. ब्राउझरच्या आधारानं अक्षरं दाखवणारी साधनं, म्हणजे स्क्रॅचमधला बोलण्याचा फुगा, ट्वाइन आणि जीडेव्हलप, यांत मराठी नीट दिसतं, कारण जुळणी ब्राउझर करतो. गोडो या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी मोडत असे. 2023 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती व्यवस्था आली. पायथनमधल्या पायगेमवर साध्या पद्धतीनं मराठी लिहिलं तर ते अजूनही मोडलेलं दिसू शकतं. म्हणून कुठलंही साधन ठरवण्यापूर्वी त्यात तीन शब्द लिहून बघा: कर्जत, किल्ला, उल्हास. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात पहिली वेलांटी, तिसऱ्यात 'ल' आणि 'ह' यांचं जोडाक्षर. तिन्ही नीट दिसले तरच पुढे जा. मुलाच्या गेममध्ये त्याची भाषा मोडकी दिसता कामा नये. अक्षर मोडतं म्हणून मूल मुकाट्यानं सगळं इंग्रजीत लिहायला लागतं, आणि आजीला दाखवायचा गेम आजीला वाचता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ज्याचे दोन-तीन स्क्रॅच गेम पूर्ण झाले आहेत आणि ज्याला पुढे जायची ओढ आहे त्याच्यासाठी जीडेव्हलप ही मधली पायरी आहे. कोड न लिहिता 'असं झालं तर तसं कर' अशी वाक्यं रचायची असतात. त्यानंतर गोडो. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मांझुर यांनी ते बांधलं आणि 2014 साली त्याचा सगळा कोड खुला केला. डाउनलोड लहान आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, फाइल उघडली की काम सुरू. त्याची भाषा पायथनच्या जवळची आहे. दहावीच्या सुट्टीत शिकायला ते उत्तम. नववीच्या प्रोजेक्टच्या सहा आठवड्यांत मात्र त्याच्या नादी लागू नये, असं मी अनुभवानं सांगतो.

युनिटी आणि अनरियल या मोठ्या गेम इंजिनांची नावं मुलं यूट्यूबवरून घेऊन येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली 'राजी' हा गेम जगापुढे आणला तो अनरियलमध्ये. तो मुलांना जरूर दाखवा, आपल्या मातीतली कथा किती देखणी होऊ शकते हे कळायला. पण एक अनुभवी चमू त्यामागे काही वर्षं राबला होता, हेही सांगा. शिवाय अनरियल उतरवायलाच कित्येक जीबी डेटा लागतो, आणि घरच्या साध्या लॅपटॉपवर ते रखडत चालतं. साधन कुणाच्या मालकीचं आहे हाही प्रश्न आहेच. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीनं गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, जगभरच्या गेम करणाऱ्यांनी आवाज उठवला आणि वर्षभरानं ते मागे घ्यावं लागलं. त्याआधी 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि त्यात केलेले असंख्य गेम ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. स्क्रॅचची दुसरी आवृत्ती फ्लॅशवरच उभी होती. पण स्क्रॅच करणाऱ्यांनी 2019 च्या सुरुवातीला नवी आवृत्ती आणून मुलांचे जुने प्रोजेक्ट वाचवले. नववीतल्या मुलानं परवान्याची कलमं वाचावीत असं मी म्हणत नाही. गुरुजनांनी मात्र वाचावीत.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि त्याला वीजही लागत नाही. गेम पुठ्ठ्यावर खेळून बघा. आपल्याकडे पटाची परंपरा जुनी आहे. मोक्षपटाशी ज्ञानेश्वरांचं नाव जोडलं जातं, आणि लेण्यांच्या, किल्ल्यांच्या दगडांवर खेळाचे कोरलेले पट आजही सापडतात. चिंचोके फोडून त्यांचे फासे करा, खडूनं घाट आखा, काडेपेट्यांची गाडी करा. भाचीनं तसं केलं तेव्हा अर्ध्या तासात कळलं की इंजिनं फुकट मिळत असतील तर प्रत्येक जण सगळीच जोडतो आणि खेळात दम राहत नाही. मग तिनं प्रत्येक इंजिनाला किंमत लावली. ही चूक स्क्रॅचमध्ये सापडायला आठवडा गेला असता.

आजकाल नुसतं सांगितलं की यंत्रच कोड लिहून देतं, मग मुलानं कशाला खपावं, असं पालक विचारतात. मदत जरूर घ्यावी. पण गाईड करणाऱ्यानं मुलाला समोर बसवून एक प्रश्न विचारावा: हा ठोकळा काढला तर काय होईल? उत्तर आलं तर गेम मुलाचा.

पुढच्या प्रकरणांत कर्जत-खालापूरचे आणखी विषय घेतले आहेत. 1922 साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणारं पाणी पेज नदीत येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतो. ते पाणी कुणाला कधी द्यायचं, हा जलसुरक्षा विषयासाठी तयार गेम आहे. कर्जत–खोपोली एकेरी मार्गावर पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या स्थानकांतून गाड्या कशा सोडायच्या, हे एक कोडं. माथेरानचं जंगल हे आणखी एक. प्रत्येकासोबत साधन सुचवलं आहे, पण ती सूचनाच समजावी.

भाचीचा गेम पूर्ण झाला तेव्हा तो सगळ्यात आधी तिच्या आजीनं खेळला. त्यांनी आयुष्यात माऊस धरला नव्हता. भाचीनं मुद्दाम काहीच समजावलं नाही. गाडी पळसदरी ओलांडून गेली, उंचीचा आकडा जरा चढला, मग हळूहळू थांबला आणि गाडी मागे यायला लागली. आजी चष्मा सारखा करून पडद्याकडे वाकल्या. म्हणाल्या, "अगं, हिला मागचं इंजिन कुठे लावलंयस?"